गावच्या शेतकऱ्यांना जागतिक पर्माकल्चर संमेलनाला पाठवायचंय? वर्गणी, पासपोर्ट, व्हिसा, हिशोब, सगळं एका जागी

पैसे जमतात हो. गावातल्या तीन-चार शेतकऱ्यांना परदेशातल्या पर्माकल्चर संमेलनाला पाठवायचं म्हटलं की पहिला प्रश्न पैशांचाच निघतो, सगळे त्याच्यावरच तासभर बोलतात, आणि नंतर गाडी अडते ती पासपोर्टवर, आडनावाच्या स्पेलिंगवर, दुभाष्यावर आणि वर्गणी कुणाच्या खात्यात घ्यायची ह्या भांडणावर. म्हणून खाली वर्गणीचा भाग मधे येतो, सुरुवातीला नाही. घाईत असाल तर खात्याबद्दलचा भाग तरी वाचाच, तिथे चुकलं तर वर्षभराने आयकराची नोटीस येते.

आधी हे संमेलन काय असतं ते

सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन ह्या दोघांनी पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाला धरून शेती, पाणी आणि घर एकत्र आखायची पद्धत, मांडलं. जमिनीची काळजी, माणसांची काळजी आणि जादाचं वाटून टाकणं, ही त्याची तीन तत्त्वं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगितलं तर म्हणतात, हे आम्ही करतच होतो की, ज्वारीत तूर, बांधावर बोर-बाभूळ, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी. अर्धं खरंय. राहिलेला अर्धा भाग म्हणजे पाणी कुठून येतं, उतार कुठे जातो, गोठा-विहीर-घर-झाडं एकमेकांपासून किती लांब पाहिजेत ह्याचा आधी कागदावर आराखडा करणं, आणि तोच शिकण्यासारखा आहे. मॉलिसन १९८७ ला भारतात येऊन हैदराबादकडे शिकवून गेले, तिथून आपल्या देशात ह्याची सुरुवात झाली असं म्हणायला हरकत नाही.

पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन १९८४ ला ऑस्ट्रेलियात झालं, नंतर दर काही वर्षांनी वेगवेगळ्या देशात, २००९ मलावी, २०११ जॉर्डन, २०१३ क्युबा, २०१५ इंग्लंड, २०१७ आपल्याकडे, २०२४ तैवान. त्याचे साधारण दोन भाग असतात. एक परिषद, ती सगळ्यांना खुली. दुसरं मेळाव्यासारखं, शेतावर तंबू ठोकून चार-सहा दिवस, आणि तिथे बहुतेक वेळा ७२ तासांचा पर्माकल्चर डिझाइन कोर्स केलेली माणसं अपेक्षित असतात. तुमच्या शेतकऱ्याने हा कोर्स केलेला नसेल तर आयोजकांना आधीच मेल करून विचारा, प्रत्यक्ष शेती करणाऱ्यांना सूट मिळू शकते, पण विचारल्याशिवाय कोण देणार.

२०१७ चं उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवा. नोव्हेंबरच्या शेवटी हैदराबादला दोन दिवसांची परिषद झाली आणि मग संगारेड्डी जिल्ह्यात झहीराबादकडच्या बिडेकन्ने गावात शेतावर मेळावा. यजमान होती अरण्य ही संस्था, नरसन्ना आणि पद्मा कोप्पुला यांची. झहीराबाद सोलापूर-हैदराबाद हायवेवरच आहे, म्हणजे उमरगा किंवा उदगीरच्या माणसाला जग बघायला जीपने जाता आलं असतं. त्याच महिन्यात ग्रेटर नोएडाला सेंद्रिय शेतीची जागतिक परिषदही (ऑरगॅनिक वर्ल्ड काँग्रेस) भरली होती. असं दारात आलेलं संमेलन सोडू नका, विमानाच्या एका तिकिटात तिथे अख्खा गट जातो. म्हणून पुढचं संमेलन कुठे आहे हे दोन-तीन वर्षं आधीपासून बघत रहा, ठिकाण बरंच आधी जाहीर होतं.

पायरी १: कोण जाणार

वर्गणीचा एक रुपया मागायच्या आधी नावं ठरवा. "आपण शेतकऱ्यांना पाठवतोय" असं म्हटलं की लोक मान डोलावतात, "आपण ह्या ह्या मावशींना आणि ह्या दादांना पाठवतोय, हे त्यांचं रान" असं म्हटलं की खिशात हात जातो.

निवड करायला पाच-सहा जणांची समिती करा आणि त्यातला एकही माणूस स्वतः जाणारा नसावा, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मी कुरबुर बंद होते. बघायचं काय, तर किमान दोन-तीन हंगाम स्वतःच्या रानात काहीतरी करून बघितलंय का (मिश्र पीक, आच्छादन, चर, बियाणं राखणं, काहीही), लोकांना रान दाखवायला आवडतं का, आणि परत आल्यावर चार गावांत जाऊन बोलेल का. चांगली शेती करणारा पण तोंड न उघडणारा माणूस पाठवून गावाच्या हाती फार काही लागत नाही, आणि नुसतं तोंड असलेला पाठवला तर त्याहून कमी. पुरस्कारवाले, फेटेवाले, दर कृषी प्रदर्शनात स्टेजवर असणारे, त्यांना बाकीचे लोक नेतातच, तुम्ही कशाला पुन्हा.

निम्म्या तरी बायका पाठवा. बियाणं, परसबाग, कोंबड्या, शेळ्या हे सगळं त्यांच्या हातात असतं आणि ह्या मेळाव्यांत बोलणं जास्त त्याच्यावरच चालतं. घरचे "एवढ्या लांब कशी जाईल" म्हणतात, तर दोन बायकांची जोडी करा, एकटीला पाठवू नका, आणि घरी जाऊन सासूशी बोला, नवऱ्याशी बोलून अर्धंच काम होतं.

तीन जण जाणार असतील तर पाच नावं काढा. उरलेले दोघं राखीव, त्यांचेही पासपोर्ट काढायचे. ऐन वेळी कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाचा गुडघा जातो.

अजून एक, हंगाम बघा. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे कापूस वेचणी, तूर भरतीला, हरभऱ्याची पेरणी नुकतीच झालेली, साखर कारखाने चालू. अशा वेळी पंधरा दिवस माणूस काढायचा तर त्याच्या रानाचं आणि दुधाच्या जनावरांचं कोण बघणार हे नावासोबतच लिहून घ्या.

पायरी २: पासपोर्ट, आत्ताच

संमेलनाची तारीख यायची वाट बघू नका. साधा ३६ पानी पासपोर्ट १५०० रुपयांत होतो, तत्काळला वर २००० लागतात, आणि १० वर्षं चालतो. अर्ज ऑनलाइन, अपॉइंटमेंट जवळच्या पासपोर्ट सेवा केंद्रात, बऱ्याच जिल्ह्यांत आता हेड पोस्टातही केंद्र आहे.

खरी डोकेदुखी नावांची. आधारवर एक, सातबाऱ्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, बँकेत नवऱ्याचं नाव मधे, बाईचं माहेरचं नाव पॅनवर. सगळ्यांचे कागद एकदा टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. आधार दुरुस्त करायचं तर ते पासपोर्टच्या आधी करा, नंतर केलं तर दोनदा फेरा. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका, एकच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टला काही देश आणि काही विमान कंपन्या आडव्या येतात. जन्मतारीख बऱ्याच जणांची १ जून असते, मास्तरांनी शाळेत घातलेली, असू द्या, फक्त सगळीकडे तीच असू द्या.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागेल) असा शिक्का येतो. लोक घाबरतात की आता जाता येणार नाही. तसं नाहीये, तो शिक्का ठरावीक १८ देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, संमेलनाला फिरायला जाणाऱ्याला त्याची वेगळी परवानगी लागत नाही. परतीचं तिकीट आणि निमंत्रणपत्र मात्र हाताशी ठेवायचं, विमानतळावर विचारलं तर दाखवायला.

आणि पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर निदान ६ महिने शिल्लक पाहिजे. हे बऱ्याच देशांना लागतं.

पायरी ३: बजेट खरं मांडा

लोक विमानाचं तिकीट आणि संमेलनाची फी एवढंच धरतात. खाली सगळं लिहितो, तुमच्या कागदावर उतरवून घ्या: नोंदणी फी (शेतकऱ्यांसाठी सवलत किंवा पूर्ण माफी आहे का विचारा, कामाच्या बदल्यात प्रवेश असंही असतं), विमान, गावापासून विमानतळापर्यंत आणि तिकडचा बस-ट्रेनचा खर्च, व्हिसा फी, व्हिसासाठी मुंबईला जायचा खर्च, प्रवास विमा, तंबू-स्लीपिंग बॅग किंवा राहण्याचं भाडं, गरम कपडे आणि बूट, फोनचं सिम, औषधं, कागदांची भाषांतरं आणि नोटरी. मग दोन गोष्टी ज्या कुणीच धरत नाही: घरी राहिलेल्या कामाची मजुरी आणि दुभाषा.

मजुरी धराच. तीन एकरवाल्याला पंधरा दिवस गडी लावायला लागला तर तो खर्च त्याच्याच खिशातून जातो, आणि मग संमेलनाला तेच जाऊ शकतात ज्यांना गडी परवडतो. ह्याच्यात लाजण्यासारखं काही नाही, अपिलात स्पष्ट लिहा, लोकांना पटतं.

दुभाषा म्हणजे तीन-चार शेतकऱ्यांमागे एक, सोबत राहणारा. मोबाइलवरचं भाषांतर जेवायच्या रांगेत ठीक आहे, शंभर माणसांत माती परीक्षणावर वाद चालू असताना ते कामाचं नाही. इंग्रजी झकास बोलणारा शहरी पोरगा घेतला आणि त्याला कोळपणी माहीत नाही, वाफसा माहीत नाही, तर तो शेतकऱ्याचं बोलणं तिकडे पोचवणार कसं. कृषी महाविद्यालयातली एखादी मुलगी, कृषी खात्यातून रिटायर झालेले कुणी, शेतकऱ्याचंच शिकलेलं पोर, असं माणूस बघा आणि त्याला निघायच्या आधी दोन-तीन महिने ह्या लोकांच्या रानात फिरवा.

समजा तीन शेतकरी आणि एक दुभाषा, माणशी दीड लाख धरले, तर झाले ६ लाख. हा आकडा समजण्यासाठी आहे, देशानुसार अर्धाही होईल, दुप्पटही. वर १० टक्के अडीअडचणीचे धरा, रुपया कधी घसरेल सांगता येत नाही.

पायरी ४: पैसे कुठे घ्यायचे (हा भाग सावकाश वाचा)

कुणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा वैयक्तिक गुगल पेवर वर्गणी घेऊ नका. तुमच्याही नाही आणि शेतकऱ्याच्याही नाही. कारण नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५०,००० च्या वर भेट म्हणून पैसे आले तर ती सगळी रक्कम आयकरात उत्पन्न धरली जाते, निव्वळ वरची नाही, सगळी. चांगल्या कामासाठी आलेत हे तिथे सांगून उपयोग नाही.

मग कुठे? गावात किंवा तालुक्यात आधीपासून नोंदणी असलेली, दरवर्षी ऑडिट होणारी एखादी संस्था बघा, ट्रस्ट, सोसायटी, शेतकरी गट, शेतकरी उत्पादक कंपनी. नवीन संस्था काढत बसू नका, त्यातच वर्ष जातं. त्यांच्याकडे वेगळं खातं उघडता आलं तर उत्तम, नाहीतर निदान हिशोबात वेगळं खातेपान. सहीला दोन माणसं पाहिजेत आणि दोघं एका घरातली नकोत.

नोंदणी नसलेल्या गटाने सार्वजनिक वर्गणी काढायची तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो, गणपती मंडळं घेतात तीच ४१ सी ची परवानगी. मंडळातला एखादा जुना कार्यकर्ता पकडा, त्याला ते फॉर्म पाठ असतात.

८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती पाहिजे असं मोठे देणगीदार म्हणतात. ती फक्त तशी नोंदणी असलेली संस्थाच देऊ शकते, आणि २००० च्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही. पण एक अडचण: धर्मादाय संस्थेने पैसा भारतात खर्च केला तर करमाफी, भारताबाहेर खर्च केला तर प्रश्न येतो. म्हणून ट्रस्टच्या पैशातून परदेशी फी भरायच्या आधी त्यांच्या सीएला लेखी विचारा. संमेलन भारतात असेल तर हा प्रश्नच नाही.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी कंपन्यांनी कायद्याने काढायचा पैसा? संमेलन परदेशात असेल तर नाद सोडा. सीएसआरच्या नियमांत भारताबाहेरचं काम धरलंच जात नाही, अपवाद फक्त खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. लोक सहा-सहा महिने कंपन्यांच्या ऑफिसात चकरा मारतात आणि कुणी त्यांना हे सांगत नाही. त्यापेक्षा कंपनीच्या मालकाला स्वतःच्या खिशातून द्यायला सांगा.

आता परदेशातले मराठी लोक, जे सगळ्यात आधी मदतीला येतात आणि जिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तुमचा चुलतभाऊ दुबईत आहे, भारतीय पासपोर्ट आहे, त्याने पगारातून बँकेमार्फत पैसे पाठवले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली मामेबहीण, भले तिच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असो आणि दरवर्षी वारीला येत असो, ती कायद्याने परदेशी स्रोत. तसंच तिकडचं महाराष्ट्र मंडळ, सगळे सदस्य मराठी असले तरी संस्था तिथली. अशी देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी असलेली संस्थाच घेऊ शकते, तीही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यात, आणि २०२० पासून ती पुढे दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. "आमच्या ओळखीच्या एनजीओकडे पाठवा, ते आपल्याला देतील" हा मार्ग बंद आहे.

ह्याच्यावर सरळ उपाय असा, की त्या मंडळाने पैसे भारतात पाठवूच नयेत. त्यांनी आयोजकांकडे थेट शेतकऱ्याची फी भरावी, तिकडे राहायची-जेवायची सोय करावी. ह्याला परदेशी पाहुणचार म्हणतात आणि साध्या शेतकऱ्याला त्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही. लागते ती आमदार-खासदारांना, न्यायाधीशांना, सरकारी नोकरांना आणि राजकीय पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. हसू नका, गावात दर चौथा माणूस कुठल्या ना कुठल्या पक्षाच्या आघाडीचा तालुका उपाध्यक्ष असतो, तेव्हा निवडीच्या वेळीच विचारून घ्या.

पायरी ५: वर्गणी

आता आलो. ६ लाखांचं गणित असं फोडा: ५० हजार देणारे २, १० हजार देणारे १०, ५ हजार देणारे ४०, हजार देणारे १५०, आणि उरलेले ५० हजार गावातून आणि कार्यक्रमांतून. असं फोडलं की कळतं तुम्हाला दोनशे माणसांशी बोलायचंय, आणि दोनशे माणसं तुमच्या पाच-सहा जणांच्या फोनमध्ये आहेतच. वरून सुरुवात करा, आधी मोठे दोन-चार होकार घ्या आणि मग जाहीर अपील काढा, शून्यावर उभ्या असलेल्या आकड्यात पैसे टाकायला कुणालाच आवडत नाही.

गावातून पैसे कमी येतील पण ते घ्याच. जाणारा माणूस गावाच्या वर्गणीवर जातोय हे एकदा झालं की परत आल्यावर त्याला गाव विचारतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठभर धान्य बाजूला काढायचा मुष्टिफंड चालायचा, ती पद्धत आजही चालते. पैसे देऊ न शकणारं घर पायलीभर ज्वारी, किलोभर तूर देतं, ती एकत्र करून विकायची. ह्याची वेगळी वही ठेवा, त्यात दोन किलोवाल्याचं नावही पाहिजे.

शहरातले पैसे काढायचा माझ्या मते सगळ्यात भारी मार्ग म्हणजे हुरडा. डिसेंबर ते फेब्रुवारी, पुण्या-संभाजीनगर-सोलापूरचे लोक एरवीही पैसे देऊन हुरडा खायला जातात, मग ते तुमच्याच रानात येऊ देत. समजा माणशी ५०० ठेवले आणि शंभर माणसं आली, खर्च जाऊन निम्मे उरले तरी २५ हजार झाले, वर ती माणसं जाणाऱ्या मावशींना भेटून, त्यांचं रान बघून जातात आणि त्यातलेच दहा जण नंतर पाच-पाच हजार देतात. हुरड्याचं वाण वेळेत पेरायला लागतं हे विसरू नका, म्हणजे ह्याचा निर्णय सप्टेंबर-ऑक्टोबरातच. हंगाम नसेल तर सोसायटीत भाकरी-पिठल्याचं जेवण, दिवाळीआधी डाळ-गूळ-शेंगदाण्याचं पार्सल, मे महिन्यात आंबा. पॅकबंद विकणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी लागते, ऑनलाइन होते, करून टाका.

केटो, मिलाप असले क्राउडफंडिंगचे, म्हणजे लोकांकडून ऑनलाइन वर्गणी गोळा करायचे, प्लॅटफॉर्म आहेत. अनोळखी माणसं तिथे पैसे टाकतील अशी आशा धरू नका, उपचारांच्या अपिलांमध्ये आपलं अपील कुठच्या कुठे जातं, आणि खरं सांगायचं तर जायलाही पाहिजे. त्यांचा उपयोग एवढाच, लिंक पाठवता येते आणि आकडा सगळ्यांना दिसतो. गेटवेचा चार्ज किती, देणाऱ्याकडून टीप मागतात का, हे आधी बघून घ्या. संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड मिळाला तर मला तोच बरा वाटतो.

अपिलाचा मेसेज छोटा ठेवा. साधारण असा:

"नमस्कार. आमच्या तालुक्यातून दोन शेतकरी ताई आणि एक दादा यंदा आंतरराष्ट्रीय पर्माकल्चर संमेलनाला जाणार आहेत. ताई सहा वर्षं गावरान बियाणं राखतात, दादांनी मुरमाड दोन एकरात पाणी अडवून मिश्र फळबाग उभी केलीय. एकूण खर्च ६ लाख, त्यात प्रवास, फी, व्हिसा, दुभाषा आणि मागे राहणाऱ्या कामाची मजुरी आहे. आत्तापर्यंत २ लाख १० हजार जमलेत. पैसे संस्थेच्या खात्यात, पावती मिळेल, हिशोब दर रविवारी ग्रुपवर. व्हिसा नाकारला गेला तर उरलेले पैसे कशाला वापरायचे ते खाली लिहिलंय. परत आल्यावर शिवारफेरीला तुम्ही यायचंच."

ह्यात बिचारा शेतकरी, बळीराजा, आत्महत्या, भेगाळलेल्या जमिनीचा फोटो असलं काही नाही हे बघा. ज्यांच्याकडे शिकवण्यासारखं काहीतरी आहे अशी माणसं आपण पाठवतोय, तर फोटो हसरा आणि रानातला पाहिजे, त्यांना विचारून काढलेला, आणि मेसेज पाठवायच्या आधी त्यांना वाचून दाखवलेला.

व्हिसा नाकारला तर काय, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. पैसे परत, की राखीव माणूस, की देशातल्याच एखाद्या अभ्यासदौऱ्याला. नंतर ठरवायला गेलात तर प्रत्येक देणगीदाराचं वेगळं मत निघतं.

हिशोब दर आठवड्याला टाका, एका आठवड्यात शंभर रुपये आले तरी टाका. ग्रुपवर फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं करा, नाहीतर हिशोबाच्या खाली गुड मॉर्निंगची फुलं येतात.

पायरी ६: व्हिसा

शेतकऱ्याचं शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे बऱ्याच जणांनी आयकर रिटर्न कधी भरलेलंच नसतं, आणि व्हिसाच्या यादीत पहिलं तेच मागतात. त्याच्या बदल्यात जाडजूड फाइल लावायची: सातबारा, ८ अ, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दूध डेअरीच्या किंवा बाजार समितीच्या पट्ट्या, घरातल्या माणसांची माहिती, संस्थेचं खर्च उचलत असल्याचं पत्र आणि संस्थेचं स्टेटमेंट. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून. अर्ज तपासणाऱ्याला बघायचं असतं की हा माणूस परत येणार का, आणि जमीन, जनावरं, उभं पीक, घर ह्याहून चांगला पुरावा कुठला, फक्त तो त्याला वाचता येईल अशा भाषेत पाहिजे. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक दोन लाख टाकू नका, ते लगेच दिसतं.

निमंत्रणपत्रावर प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट नंबरसह, आणि राहणं-जेवण कोण देतंय ते लिहून घ्या. सगळ्यांना एकच सामायिक पत्र आलं तर पुन्हा मागा.

युरोपातला शेंगेन व्हिसा (एकाच व्हिसावर तिथले बरेच देश) असेल तर प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि नाकारला तरी फी परत नाही. मुलाखत झाली तर शेतकऱ्याने स्वतःच्या शेतीबद्दल बोलावं, पाठ केलेलं काही नको. एकदा घरात खुर्ची टाकून सराव घ्या. रद्द करता येणारं तिकीटच काढा, व्हिसा हातात आल्याशिवाय स्वस्तातलं पक्कं तिकीट घेऊ नका.

पायरी ७: निघायच्या आधी

एक जवळची फेरी करून या. झहीराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचं काम आहे, तिथल्या बायका दर संक्रांतीपासून बैलगाड्यांतून बियाणांची जत्रा गावोगाव काढतात, २०१९ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळालाय. परक्या भाषेत, दुभाष्यामार्फत, अनोळखी शेतकऱ्यांशी बोलायचा सराव तिथे स्वस्तात होतो आणि दुभाषा कितपत टिकतो तेही कळतं.

प्रत्येकाने दहा मिनिटांचं बोलणं तयार करावं, फोटोंवर. माझं रान किती, पाऊस किती, आधी काय होतं, काय केलं, काय फसलं. फसलेलं सांगणाऱ्याभोवती गर्दी होते, तिकडेही.

बियाणं. ह्यावर दोन ओळी जास्त लिहितो कारण अशा संमेलनांत बियाणांची देवघेव हौसेने चालते आणि आपले लोक पिशवीत चार पुरचुंड्या घालून निघतात. नेऊ नका. आपलं बियाणं परदेशी माणसाला देण्यावर जैवविविधता कायद्याचं बंधन आहे, आणि तिकडचं बियाणं परवाना आणि रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय भारतात आणणं बेकायदा आहे, शिवाय नवीन कीड-रोग घेऊन यायचा धोका खराच आहे. कणसांचे फोटो न्या, बियाणांच्या नावांची यादी न्या, गोष्टी न्या.

बाकी पटकन: बीपी-शुगरच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत, लसणाची कोरडी चटणी आणि भाजलेलं पीठ चालतं का हे त्या देशाचे कस्टमचे नियम बघून, तूप आणि खवा बहुतेक ठिकाणी अडवतात, तंबूत रात्री थंडी वाजते म्हणून लोकरीची टोपी. रोज रात्री पाच मिनिटं मराठीत फोनवर बोलून दिवसाची नोंद रेकॉर्ड करायची आणि ग्रुपवर टाकायची, लिहायला सांगितलं तर कुणी लिहीत नाही.

पायरी ८: परत आल्यावर

पहिल्या महिन्यात हिशोब पूर्ण करून छापील प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि ग्रुपवर. विमानतळावरून हार-तुरे, मिरवणूक वगैरे होणारच, होऊ द्या, पण सत्काराचा खर्च ह्या खात्यातून नको.

वर्षभरात त्यांनी काय करायचं हे जायच्या आधीच एका पानावर लिहून सह्या घेतलेल्या असाव्यात: खरिपात एक आणि रब्बीत एक शिवारफेरी, शेजारच्या चार-पाच गावांत बैठक, आणि तिकडे बघितलेली एक गोष्ट स्वतःच्या दोन गुंठ्यांवर करून दाखवणं. दोन गुंठेच. आल्या आल्या अख्खं रान उलथायला निघालेल्या माणसाला घरच्यांनी आणि समितीने आवरायचं. द्राक्षात आपल्याकडे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने हेच केलं होतं, आपापल्या रानात छोटे प्रयोग आणि त्याची एकमेकांना खबर, त्यामुळे ही रीत आपल्याला नवीन नाही.

खात्यात थोडे पैसे उरले तर ते वाटून टाकू नका. ठराव करून पुढच्या फेरीच्या माणसांचे पासपोर्ट काढायला ठेवा, १५ हजारांत दहा जणांचे होतात, आणि पुढचं संमेलन जाहीर होईपर्यंत त्यांच्या आडनावांचे घोळ तरी निस्तरून झालेले असतील.